भावोजींचा राखीव नमुना

जगातली कुठलीही टक्केवारी माझ्या मोठ्या दिरांच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून, हात जोडून उभी राहिल्याशिवाय घरात येऊ शकत नाही. हे मी रंगवून सांगत नाही, सोसून सांगते आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मी साताऱ्याची. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिलेली. कुणी खापरपणजोबा राजाच्या फौजेत गेले आणि तिकडेच रुजले. मला बघायला आले, पोहे झाले, चहा झाला, आणि माझ्या मामांनी भरल्या उत्साहात सांगून टाकलं, "आमच्या घराण्यातली मुलगी म्हणजे शंभर टक्के सुगरण!" बाकीचे कौतुकानं हसले. भावोजींनी बशी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "कोण मोजलं? कशातनं मोजलं? आणि सांगणारे तुम्ही मुलीचे मामा, अल्वा?" अल्वा म्हणजे 'नाही का'. मामांच्या नाकातून चहा आला. मी पडद्याआड उभी होते, तिथल्या तिथे गारठले. असा माणूस ज्या घरात आहे तिथे आपण नांदायचं? पण तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी पदर तोंडावर धरून त्यांना कोपरानं असं काही ढोसलं, की त्यांचा चष्मा बशीत पडून पुन्हा पुसायच्या लायकीचा झाला. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांच्याकडे पाहून मी होकार दिला, असं म्हटलं तरी चालेल.

भावोजींची सगळी नोकरी मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात, माल तपासणीत गेली. मालाचा ढीग आला की त्यातून नमुना उचलायचा, तपासायचा, आणि त्यावरून सगळा ढीग पास की नापास ते ठरवायचं. माणूस निवृत्त झाला, तपासणी झाली नाही. दिवाळीत चकल्यांचा डबा पुढे केला, तर आपण वरची चकली घेतो. भावोजी एक वरची, एक मधली, एक तळाची अशा काढतात, आणि तिन्ही खाऊन झाल्यावर "पास" म्हणतात. देवराज मार्केटात पेरू घेताना ते डोळे मिटून टोपलीत हात घालतात. उघड्या डोळ्यांनी निवडलं तर आपला लोभ मध्ये येतो, असं त्यांचं म्हणणं. तिथली पेरूवाली आता त्यांना लांबून पाहिलं की टोपलीवर पोतं टाकते. आणि सगळ्यांत कहर म्हणजे राखीव नमुना. कारखान्यात म्हणे प्रत्येक ढिगातली एक वस्तू सीलबंद करून फडताळात ठेवायची पद्धत होती. पुढेमागे तक्रार आली तर ती उघडून बघायची. ही पद्धत भावोजींनी घरी आणली. दर साली घातलेल्या लोणच्याची एक चिमुकली बाटली, बदललेल्या प्रत्येक पडद्याची एक पट्टी, फुटलेल्या कपांचे कान, माझ्या लग्नातल्या अक्षता. सगळ्यावर लाल मेणाचं सील आणि चिठ्ठी: 'राखीव, उघडू नये'. पहिल्यांदा ते फडताळ पाहिलं तेव्हा मी तोंडात बोटं घातली. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "अय्यो, या घरात जे जे संपलंय ना, ते सगळं थोडं थोडं शिल्लक आहे."

अशा माणसाच्या हातात कॉम्प्युटर आला. त्यातून तो इंटरनेटला जोडला गेला. मग काय विचारता! व्हायरसपासून संरक्षण विकणाऱ्या कंपन्या वर्षातून एकदा जाडजूड अहवाल काढतात, हे तुम्हांआम्हांला ठाऊक तरी असतं का? कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमला किती धोका, विंडोजवर किती हल्ले, लिनक्सवर किती पटींनी वाढ, असले लालभडक तक्ते. लोक पाडव्याला पंचांग वाचतात तशा भक्तीनं भावोजी हे अहवाल वाचतात. फरक एवढाच की पंचांगावर ते विश्वास ठेवतात. हातात लाल पेन्सिल, आणि तोंडानं स्वतःशीच, "हां... हां... हे बघा, इथं खालचा आकडाच गाळला, एकूण कितीतले ते!" एकदा मी कॉफी घेऊन गेले तर ते डोक्याला हात लावून बसले होते. मला वाटलं कुणी गेलं की काय. "काय झालं भावोजी?" तर म्हणाले, "अगं, यांनी नवीन व्हायरस किती सापडले ते सांगितलंय. मशिनं किती बिघडली ते कुठंच नाही. गावात नव्या प्रकारच्या किल्ल्या किती झाल्या ते मोजतात, घरं किती फुटली ते विचारलं की गप!" आणि खरोखर त्यांचे डोळे पाणावले होते हो. आकड्याच्या खोटेपणानं रडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. एकदा तर अशाच कुठल्याशा कंपनीतून एका मुलीचा फोन आला, "सर, तुमचा कॉम्प्युटर डेंजरमध्ये आहे." भावोजींनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं (फोनवर!) आणि इतक्या प्रेमानं नमुना म्हणजे काय ते समजावायला घेतलं, की शेवटी तिनंच "सॉरी सर, दुसरा कॉल आहे" म्हणून ठेवून दिला. भावोजी खट्टू झाले. म्हणाले, "हुशार होती पोरगी. थांबली असती तर सगळं सांगितलं असतं."

त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं आणि संरक्षण म्हणून काहीही नव्हतं. हे मला भयंकर खटकायचं, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये जाऊबाई होत्या.

म्हणजे त्यांचा आवाज. म्हैसूरला नवरात्रात घरोघर बाहुल्या मांडतात. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, वर पट्टाचे, म्हणजे मानाचे, राजा-राणी, खाली वाण्याचं दुकान, लग्नाची वरात, क्रिकेटचा संघ, जे हाताशी असेल ते. आमच्या अग्रहार वस्तीतल्या थोरल्या घरी मांडणी बेताचीच, पण बायका यायच्या त्या जाऊबाईंच्या गाण्याला. मराठीत सुरू होणारी आणि मध्येच कानडीत शिरून पुन्हा मराठीत उगवणारी ती हळदीकुंकवाची गाणी मी दुसरीकडे कुठंच ऐकली नाहीत. सासूबाईंकडून त्यांना आलेली. भावोजी दर नवरात्रात कोपऱ्यात बसून ती टेप करायचे आणि नंतर कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मग जाऊबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या बोलतात ते फडक्यानं पाटी पुसावी तसं खसखसतं. गाणं तर संपलंच. तेव्हा त्यांचा आवाज या जगात उरला होता तो त्या एका पत्र्याच्या डब्यात, आणि त्या डब्याचा मालक होता आकड्यांशी भांडणारा हा माणूस!

अशात आमच्या मराठी मंडळात व्याख्यान ठेवलं गेलं. 'तुमचा संगणक किती सुरक्षित?' व्याख्याते कुठल्याशा संरक्षणवाल्या कंपनीचे, टाय लावलेले, गोड बोलणारे गृहस्थ. मी भावोजींना मुद्दाम घेऊन गेले. म्हटलं, आमचं ऐकत नाहीत, निदान टायचं ऐकतील. जाऊबाईही आल्या. गृहस्थांनी दिवे मालवले आणि पडद्यावर एक तक्ता दाखवला. लिनक्सवरचे हल्ले वर्षभरात अमुक पटींनी वाढले! आकडा मी मुद्दाम सांगत नाही, भावोजी रागावतील. सभागृह हादरलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्समधला मोबाइल बाहेर काढून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो आता चावणार. आणि तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मी मनात म्हटलं, मेले!

"नमस्कार. कोण मोजलं हे?" भावोजी उभे.

"आमच्या कंपनीनं, सर. जगभरातल्या कॉम्प्युटर्सवरून."

"जगभरातल्या म्हणजे कुणाच्या? तुमचा माल ज्यांनी घेतलाय त्यांच्याच, अल्वा? म्हणजे बटाटेवड्याच्या दुकानात उभं राहून गावात उपास किती लोक करतात ते मोजल्यासारखं झालं."

सभागृहात खसखस पिकली. गृहस्थ हसून म्हणाले, "सर, पण वाढ तर दिसते आहे ना?"

"वाढ दिसते, बरोबर. पण आधी किती होतं ते दाखवा की. आधी एक असला आणि आता चार झाले, तरी तुम्ही चौपटच म्हणणार. आणि एकूण मशिनं किती? तीही वाढली असणार. खालचा आकडा दिल्याशिवाय वरच्या आकड्याला उभं राहता येत नाही हो. बिचारा पडतो."

मी त्यांच्या शर्टाचं टोक ओढत होते. शर्ट बाहेर आला, भावोजी बसले नाहीत. मला वाटलं आता गृहस्थ चिडणार. पण ते माणूस म्हणून बरे निघाले. टाय सैल करून म्हणाले, "सर, तुमचं खरं आहे. मग तुमच्या हिशेबानं खरा धोका किती, ते तरी सांगा."

सगळं सभागृह वळून भावोजींकडे बघायला लागलं. आणि भावोजी म्हणाले, "गोत्तिल्ला."

म्हणजे 'माहीत नाही'. एवढा वाद घालून, एवढ्या लोकांना तिष्ठत ठेवून, माहीत नाही! मंडळाचे अध्यक्ष तर आ वासून बघत राहिले. भावोजी शांतपणे पुढे म्हणाले, "मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही फक्त ते रंगीत छापलंय." आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की माफी मागावी हे कुणालाच कळेना. शेवटी चहा आला म्हणून सुटका झाली.

परतताना मात्र मी तापले. अग्रहारातून आम्ही तिघं चालत निघालो होतो, नि माझं डोकं असं सणकलं होतं की मागून येणारी रिक्षासुद्धा ऐकू येईना. फुलवाल्यांच्या ओळीपाशी मी त्यांना गाठलंच. म्हटलं, "भावोजी, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नाही, हे कोण मोजलं?"

"अगं, इतकी वर्षं काही झालं नाही."

"कशातनं मोजलं? एका कॉम्प्युटरमधनं! आणि तपासायला काही बसवलंच नाहीत, तर सापडणार कसं? कारखान्यात तपासणी बंद ठेवून 'आमच्या मालात दोष शून्य' असं कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही त्याची शेंडी उपटली असती! आणि सांगणारे कोण? तुम्ही! ज्यांना काही विकत घ्यायचंच नाही ते!"

भावोजी जागच्या जागी थांबले. भर रस्त्यात. फुलवाली हातातला गजरा तसाच धरून बघत राहिली. त्यांच्या मागे जाऊबाई आवाज न करता हसत होत्या, नुसते खांदे गदागदा हलत होते. शेवटी भावोजी म्हणाले, "बरोबर आहे."

अगं बाई! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात 'बरोबर आहे' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मला धक्काच बसला. जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही, उलट आपण जास्त बोललो की काय असं वाटून घाबरले. पण ते खरंच गेले, फुकट मिळणारं एक तपासणीचं साधन कॉम्प्युटरवर बसवलं, त्याला पूर्ण कॉम्प्युटर चाळायला लावला आणि स्वतः पंख्याखाली बसून राहिले. दुसऱ्या दिवशी निकाल सांगायला आमच्या वेगळ्या बिऱ्हाडी आले. "तपासलं. काही सापडलं नाही. आज सापडलं नाही, एवढंच म्हणतो." मी म्हटलं, "बरं झालं. आता जाऊबाईंच्या गाण्यांची एक कॉपी तेवढी काढून ठेवा." तर त्यांना माझ्या अडाणीपणाचं हसू आलं. "सातारकरीणबाई, मला शिकवता? राखीव नमुना कधीच ठेवलाय. सील करून." माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं चला, त्या फडताळाचा जन्मात एकदा तरी उपयोग झाला.

नवरात्र आलं. दर वर्षी बाहुल्या मांडायच्या तर पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर आत हलवायचा, आणि त्याचं टेबल मांडणीची खालची पायरी व्हायचं. त्या वर्षी भावोजींच्या मनात आलं, की बायका यायच्या त्या गाण्याला. तर गाणं व्हायलाच हवं. कॉम्प्युटर टेबलाखालीच ठेवायचा, वरून पांढरा कपडा सोडायचा, आणि बाहुल्यांच्या आडून जाऊबाईंचीच जुनी गाणी लावायची. जाऊबाई आधी "बेडा, बेडा" म्हणाल्या, नको, नको. आपलाच आवाज आपल्याला ऐकवेल का, ही त्यांना धास्ती. पण मग त्यांनी त्या दिवसासाठी जांभळी साडी काढून ठेवलेली मी पाहिली. आता, आमच्याकडे मांडणीत एक बाग असते. परातींत माती घालून नाचणी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, की नवरात्रापर्यंत हिरवंगार गवत उगवतं आणि त्यात हरणं-मोर ठेवता येतात. भावोजींनी परातींचा एक नवा संचच आणला होता. पाणी गळतं का ते बघायला त्यांनी डोळे मिटून एक परात उचलली, पाण्यानं भरली, बोटानं खालून चाचपली आणि सगळ्या परातींना "पास" म्हणाले. मी तिथेच उभी होते. मलाही काही वाटलं नाही.

हळदीकुंकवाला घर भरलं. राजा-राणी नटले होते, नाचणीचं गवत मोरांच्या कमरेपर्यंत आलं होतं. जाऊबाई जांभळी साडी नेसून मांडणीजवळ बसल्या, आणि भावोजींनी कपड्याखाली हात घालून बटण दाबलं. आवाज आला! तो जुना, भरलेला, किंचित अनुनासिक आवाज, अगदी राणीच्या पायापाशी बसून गावा तसा. बायकांनी एकमेकींचे हात धरले. जाऊबाईंनी डोळे मिटले, त्यांचे ओठ हलायला लागले. दुसऱ्या कडव्यावर आवाज चढला, आणि 'चट्' झालं. मग जळका वास. मग राजा-राणीच्या मागून, बाई गं, धूर! माझ्या हातातलं कुंकवाचं तबक खाली पडलं. कुणीतरी किंचाळलं, "व्हायरस! व्हायरस!" आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही तेच वाटलं. भावोजींनी भिंतीतलं बटण बंद करून कपडा वर केला. बागेतल्या दुसऱ्याच एका परातीच्या सांध्यातून पाणी टेबलाच्या फटीत, आणि फटीतून थेट कॉम्प्युटरवर, थेंबथेंब पडत होतं. जाऊबाई रोज सकाळी मायेनं शिंपडत होत्या ते पाणी.

कुठल्याही अहवालात हा धोका नव्हता. लाल तक्त्यांत नाही, भावोजींच्या लाल पेन्सिलीत नाही. नाचणी!

दुसऱ्या दिवशी भावोजी आणि मी तो डबा घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आतली डिस्क काढली, वास घेतला, मान हलवली आणि म्हणाला, "बघतो सर. फिफ्टी-फिफ्टी." मी भावोजींकडे पाहिलं. आता विचारणार: कोण मोजलं, कशातनं मोजलं. असल्या किती डिस्का आल्या, किती वाचल्या, आणि मोजणारा दुरुस्तीचे पैसे घेतो, अल्वा? माझी त्या क्षणी केवढी इच्छा होती त्यांनी तसं विचारावं अशी! पण त्यांनी काही विचारलं नाही. दुकानदाराचा हात धरला आणि म्हणाले, "फिफ्टी आहे ना? करा. करा हो." परत येताना रिक्षात ते दोनदा स्वतःशीच म्हणाले, "फिफ्टी म्हणजे पुष्कळ." मी रस्त्याकडे तोंड करून बसले. त्यांच्याकडे बघवेना.

डिस्क वाचली नाही. तसा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी होते. जाऊबाई माझ्या हातावर हात ठेवून खसखसल्या, "होगली बिडी." जाऊ दे. पण मी कसली जाऊ देते! मला एकदम फडताळ आठवलं. "अहो, रडताय काय दोघं? राखीव नमुना आहे ना! काढा!"

भावोजी उठले नाहीत. मग म्हणाले, "आहे. एक गाणं आहे."

"एक? एक म्हणजे?"

"नमुना म्हणजे नमुनाच असतो गं. ढिगातनं एक काढायचा." त्यांचा आवाज जाऊबाईंपेक्षा बारीक झाला होता. "सगळा ढीग कोण ठेवतो?"

मी ओरडले. मोठ्या दिरांवर, त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोसमोर ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नमुन्यांवर टिच्चून बोलणाऱ्या माणसानं आपल्या बायकोच्या गळ्याचा नमुना काढून ठेवला होता, लोणच्यासारखा! गाणं कुठलं, ते तरी निवडलं होतं का? तर नाही. निवडलं असतं तर लोभ मध्ये आला असता. पडद्यावर नावं काढून जाऊबाईंनाच डोळे मिटून बोट ठेवायला लावलं होतं.

सील भावोजींना फोडवेना. ते जाऊबाईंनी सुरीनं उडवलं. आत एक पेन ड्राइव्ह. माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन आम्ही तिघं बसलो. गाणं होतं डोंगरावरून उतरणाऱ्या देवीला कुठली साडी नेसवायची त्याचं. पहिलं कडवं सुरेख. दुसरं सुरेख. तिसऱ्यात साडीला काठ कुठल्या रंगाचा, तिथं येऊन जाऊबाई अडल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा अडल्या. आणि मग त्या आवाजात त्या जोरात हसायला लागल्या, "अय्यो, विसरले की हो!" मागून भावोजींचा आवाज आला, बेसूर, घाईघाईनं, "हिरवा! हिरवा म्हण!" त्यावर त्या आणखी हसल्या, बाकीच्या बायका हसल्या, आणि हसतानाच टेप संपली.

भावोजी म्हणाले, "हे तर नापास करायचं होतं. बाकीची सगळी चांगली होती. हेच कसं..." मी बंद करायला हात पुढे केला, तर जाऊबाईंनी माझं मनगट धरलं आणि बोटानं खूण केली. पुन्हा लाव. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं नि त्या हसत होत्या. मला काही समजेना, मी आपली लावत राहिले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला, टेपमधल्या जाऊबाई काठापाशी अडल्या तेव्हा शेजारच्या जाऊबाई वाकल्या आणि खसखसत्या आवाजात म्हणाल्या, "मोतिया." भावोजींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "मोतिया काठ होता," त्या म्हणाल्या. "हिरवा काय सांगता सुम्ने, उगीच!"

आता त्या गाण्याच्या कॉप्या म्हैसूरभर आहेत. आमच्याकडे आहे, सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये आहे, मंडळाच्या कपाटात आहे. मध्ये सोसले गावाला एका मुंजीला गेलो होतो तर तिथल्या यजमानांनाही भावोजी ते देऊन आले. अधूनमधून त्यांचा फोन येतो, "वाजतंय का गं?" मी म्हणते वाजतंय. "पूर्ण लावून बघितलंस? शेवटपर्यंत?" मग मला शेवटपर्यंत लावावं लागतं. नवा कॉम्प्युटर आला, त्यावर लिनक्स आहे, तपासणीचं साधन आहे, आणि तो उंच फळीवर आहे. संरक्षणवाल्या कंपन्यांचे अहवाल ते अजून वाचतात, अजून भांडतात. टायवाले गृहस्थ आता रविवारी त्यांच्याकडे कॉफीला येतात आणि आपल्याच कंपनीचा नवा तक्ता आधी त्यांच्यापुढे ठेवतात. भावोजी त्यात लाल रेघा मारून देतात. जोर मात्र पूर्वीचा नाही. पूर्वी ते 'गोत्तिल्ला' समोरच्याला हरवायला म्हणायचे.

गेल्या नवरात्रात पुन्हा बायका जमल्या. नाचणी दूर खिडकीत होती. गाणं लावलं. काठाची जागा आली तशी सगळ्या बायका थांबल्या, कुणी हललं नाही, आणि जाऊबाई आपल्या त्या पुसट आवाजात "मोतिया" म्हणाल्या. मग सगळ्या हसल्या, टेपमधल्याही आणि समोरच्याही. शेजारी नवीनच राहायला आलेल्या एका मुलीनं भावोजींना कौतुकानं विचारलं, "काका, काकूंना अशी एकूण किती गाणी यायची हो?"

मी वाट बघत होते. भावोजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि मांडणीजवळ कुंकू लावत बसलेल्या जाऊबाईंकडे पाहिलं.

"गोत्तिल्ला," ते म्हणाले. "मोजलीच नाहीत कधी."